हॉलची किल्ली आणि गाण्यांची यादी

आमच्या गावातल्या गाण्याच्या गटाला गेले पाच गुरुवार हॉल मिळालेला नाही. ज्या शाळेच्या हॉलमध्ये ही मंडळी दोन वर्षं दर गुरुवारी साडेसात ते नऊ गात होती, त्या हॉलची किल्ली द्यायला आता नकार आहे. संस्थेचं नाव घेत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे आणि माझं भांडण त्या एका संस्थेशी नाहीच. आपल्या सगळ्यांच्याच एका सवयीवर मला लिहायचंय. पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

ज्यांना हा गट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो.

हा क्लास नाही. फी नाही, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. गटाला नाव नाही, बॅनर नाही, अध्यक्ष-उपाध्यक्ष तर नाहीतच. पंचवीस-तीस माणसं, वय तीस ते पंचाहत्तर. रिटायर्ड पोस्टमन आहेत. दोन आशाताई आहेत. उर्दू शाळेतल्या एक बाई आहेत. यंत्रमागावर काम करणारे दोघे भाऊ आहेत, ते घरी तेलुगू बोलतात. तांड्यावरून येणाऱ्या एक मावशी आहेत. दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टर आहेत. एक किराणा दुकानदार, एक वकील, एक शिवणकाम करणारी ताई. पेटीवर हायस्कूलचे निवृत्त संगीत शिक्षक असतात, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. मी गात नाही. माझा आवाज एकदा ऐकून सर म्हणाले, "तुम्ही आपली बातमी करा." तेव्हापासून कोपऱ्यात बसून ऐकतो.

आता यांची गाण्यांची यादी बघा. चोखोबांचा आणि जनाबाईंचा अभंग. जात्यावरच्या ओव्या. बसवण्णांचं एक कानडी वचन. फुलं रचून त्याभोवती म्हणतात ते बतुकम्माचं तेलुगू गाणं. होळीची बंजारा लेंगी. लग्नातलं दखनी गाणं. वामनदादा कर्डकांचं भीमगीत. नारायण वामन टिळकांचं ख्रिस्ती भक्तिगीत. केरळातलं नाव वल्हवायचं गाणं. अमर शेखांचं एक गाणं. आणि हो, दोन जुनी सिनेमाची गाणीही आहेत, कारण दुकानदार काकांचा हट्ट.

यात खास काय, असं कोणी विचारेल. गावात भजनी मंडळं आहेत की. चर्चमध्ये रविवारी गातात, विहारात वंदना होते, उरुसात कव्वाली होते, नवरात्रात भोंडला होतो. गाणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

बरोबर आहे. पण प्रत्येकजण आपापल्या जागी, आपापल्या माणसांत गातो. दुसऱ्याचं गाणं आपल्या कानावर पडतं ते लाऊडस्पीकरवरून, मिरवणुकीतून, डीजेच्या भिंतीतून. म्हणजे ते गाणं आपल्याला भेटतं तेव्हा आवाज म्हणून भेटतं, बहुतेक वेळा त्रास म्हणून. त्याचा अर्थ काय, ते कोण कुणाला शिकवतं, कधी म्हणतात, हे आपल्याला कळतच नाही. माझ्या गल्लीतून तीस वर्षं ज्या मिरवणुका जातात त्यांतल्या निम्म्या गाण्यांचे शब्द मला या हॉलमध्ये बसल्यावर कळले.

या गटाचे काही नियम आहेत. लिहून ठेवलेले नाहीत, पण सगळे पाळतात. वाद समजायचा तर हे नियम आधी समजून घ्यायला हवेत.

पहिला नियम, ज्याचं गाणं त्यानेच शिकवायचं. मोबाईलवर ऐकून बसवायचं नाही. लेंगी शिकवायची तर मावशी शिकवणार. सरांना संगीत कितीही कळत असलं तरी त्या दिवशी सर विद्यार्थी. मावशींना लिहिता येत नाही. त्या ओळ म्हणतात, वकीलसाहेब वहीत उतरवून घेतात आणि मावशी त्यांना म्हणतात, "असं नाय, परत म्हण." गावात दुसरीकडे कुठे तांड्यावरची बाई वकिलाला 'परत म्हण' म्हणते, मला दाखवा.

दुसरा नियम, आधी अर्थ आणि प्रसंग. हे गाणं कधी म्हणतात, कोण म्हणतं, कधी म्हणत नाहीत. यामुळे काही गाणी यादीतून बाहेरही राहिली. उर्दू शाळेतल्या बाईंनी सांगितलं, मोहरममधली दुःखाची गाणी एरवी हौसेने म्हणायची नसतात. विषय संपला. कोणी हट्ट केला नाही. 'सगळ्यांचं सगळं घ्या आणि मिसळ करा' असा हा प्रकार नाही.

तिसरा नियम, उच्चार. मल्याळममध्ये एक उच्चार आहे, आपल्या 'ळ'च्या जवळचा पण 'ळ' नव्हे. आलप्पुळा या गावाच्या नावात शेवटी येतो तो. सहा महिने झाले, अख्ख्या गटात फक्त एका आशाताईंना जमलाय. उलट सिस्टरना 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळा आहे हे पटायलाच महिना लागला. हसाहशी भरपूर होते, पण हसणारा पुढच्या गुरुवारी दुसऱ्याच्या भाषेत अडखळणार असतो. त्यामुळे ते हसणं लागत नाही.

चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा. गप्प राहायचा हक्क. एखादी ओळ आपल्या श्रद्धेत बसत नसेल तर ती म्हणायची नाही. कारण विचारायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही. गटातले एक चाचा अभंगाला टाळ्यांचा ठेका धरतात, पण देवाच्या नावाची ओळ आली की गप्प राहतात. पोस्टमनकाका ख्रिस्ती गीताची चाल गुणगुणतात, शब्द म्हणत नाहीत. दोन वर्षांत यावरून एकदाही कुरबूर झालेली मी ऐकली नाही.

पाचवा नियम, माइक नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो. या नियमाचं आपल्या गावात काय होतं ते तुम्ही जाणता. हा गट नऊ वाजता दिवे बंद करून निघतो. शेजारी म्हणतात, दार लावलं की ऐकूच येत नाही.

आता काय झालं ते सांगतो.

डिसेंबरात नाताळच्या आधी टिळकांच्या गीताचा सराव चालू होता. कोणीतरी खिडकीतून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. त्याच संध्याकाळी आधी अभंग झाला होता, नंतर बतुकम्मा झालं, पण ते व्हिडिओत नाही. व्हॉट्सॲपवर मजकूर फिरला, 'शाळेच्या हॉलमध्ये हे काय चाललंय?' दोन-तीन दिवसांत तो माझ्याकडे सात ग्रुपवरून आला. तोवर दुसऱ्या बाजूलाही तेच सुरू झालं. गटातल्या मुस्लिम सभासदांना त्यांच्याच नात्यातल्या काहींनी विचारलं, "तुम्हाला भजनं म्हणायची काय गरज?" म्हणजे एका व्हिडिओने दोन्हीकडच्या लोकांना एकच काम लावलं.

आठवड्याभरात संस्थेचं पत्र आलं. 'दुरुस्तीच्या कामामुळे सभागृह उपलब्ध होणार नाही.' ठीक. मी दोनदा जाऊन पाहिलं. दुरुस्तीची वीटसुद्धा दिसली नाही. त्याच हॉलमध्ये नंतर एका कोचिंग क्लासचा सत्कार झाला आणि एका पुढाऱ्याचा वाढदिवसही झाला. परत अर्ज केला तेव्हा विचारलं गेलं, "तुमच्या संस्थेचा नोंदणी क्रमांक काय? लेटरहेड आणा." दोन वर्षं लेटरहेड लागलं नव्हतं.

मग एका भल्या माणसाने मध्यस्थी केली. माणूस खरंच चांगला आहे, हेतूही चांगला. त्यांनी सुचवलं, "धार्मिक गाणी तेवढी काढा. देशभक्तीची ठेवा, निसर्गाची ठेवा. मी किल्ली मिळवून देतो."

गटात यावर दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, काढू या, गाणं चालू राहणं महत्त्वाचं. मला त्यांचं दुःख कळतं. आशाताईंना आठवड्यातला तो दीड तासच स्वतःचा असतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे. यादी कापू नका.

का, ते सांगतो.

आपल्या मातीतल्या गाण्यातून देवाधर्माचं काढलं तर उरतं काय? अभंग गेला, गौळण गेली, भारूड गेलं, वचन गेलं. ओवी गेली, कारण जात्यावरची पहिली ओवी देवालाच असते. बतुकम्मा गेलं, ती देवी आहे. लेंगी गेली, होळी सण आहे. टिळक गेले. भीमगीताला कोणी धार्मिक म्हणेल, कोणी राजकीय म्हणेल, पण काढायला सांगतीलच. उरली दोन सिनेमाची गाणी. ती म्हणायला हॉल कशाला पाहिजे, रिक्षात बसलं तरी होतं.

आणि दुसरं म्हणजे, काय काढायचं हे एकदा बाहेरच्या माणसाने ठरवलं की ते थांबत नाही. आज गीत, उद्या भाषा, परवा माणूस.

नारायण वामन टिळकांचंच उदाहरण घ्या. हा माणूस कोकणात जन्मलेला, संस्कृत शिकलेला कवी. १८९५ साली ख्रिस्ती झाला. पुढे नगरला राहून त्यांनी मराठीत भक्तिगीतं लिहिली आणि आग्रहाने आपल्या छंदांत, आपल्या चालींत लिहिली. ख्रिस्ती भजन-कीर्तनाची पद्धत रुजवली. मराठी चर्चमधून त्यांची गीतं आजही म्हणतात. गटात ते गीत पहिल्यांदा झालं तेव्हा पोस्टमनकाका म्हणाले, "हे तर आपल्यातलंच वाटतंय." ज्या गीताविरुद्ध व्हिडिओ फिरला त्याचा छंद वारकऱ्याला ओळखीचा आहे. व्हिडिओ फिरवणाऱ्याने चाळीस सेकंद पुन्हा एकदा नीट ऐकले असते तर त्यालाही कळलं असतं.

उलटंही बघा. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सूफी परंपरेतले, पण त्यांचे अभंग आणि 'योगसंग्राम' मराठीत आहेत आणि वारकऱ्यांनी त्यांना संतांच्या मांदियाळीत बसवलं. आणखी एक गोष्ट मला बाईंकडून कळली. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' नावाचा प्रकार होता. बायकांनी दळताना म्हणायची दखनी गाणी. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे जात्यावर मराठी ओवी आणि पलीकडे जात्यावर दखनी गाणं. दगड तोच, घाम तोच. बाईंच्या आजीच्या तोंडी अशी दळणाची गाणी होती. बाईंना तुकडे-तुकडे आठवतात. आशाताईंची ओवी आणि बाईंचे ते तुकडे सरांनी एकामागोमाग म्हणायला लावले. लय जवळजवळ एकच. जातं फिरवायचा हात एकाच गतीने फिरतो ना.

आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब पटेल, जन्म १९१६. आई मुनेरबी यांच्या ओव्यांतून त्यांना गाणं मिळालं. बार्शीच्या गिरणीत काम केलं, कामगारांच्या लढ्यात उतरले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. महाराष्ट्राचं गाणं एका मुस्लिम आईच्या मुलाने, एका मातंग समाजातल्या लेखकाने आणि त्यांच्या साथीदारांनी मिळून गायलं. यातलं कोणतं गाणं 'आपलं' आणि कोणतं 'त्यांचं'? कापायला बसलात तर कात्री कुठे लावणार?

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे सगळं गोडगोड होईल.

चोखोबांचे अभंग पंढरपुरात आणि महाराष्ट्रभर शेकडो वर्षं म्हटले गेले. सवर्णांच्या तोंडी होते, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते. तरी चोखोबांच्या माणसांना विठ्ठलाच्या देवळात पाय ठेवायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे दुसऱ्याचं गाणं म्हटलं की माणूस आपोआप सुधारतो, असं अजिबात नाही. गाणं घ्यायचं आणि गाणाऱ्याला बाहेर ठेवायचं, ही आपली जुनी खोड आहे.

म्हणूनच मला भजनी मंडळ आणि हा गट यांत फरक वाटतो. फरक गाण्यांपेक्षा रांगेत आहे. कोण कुणाच्या शेजारी उभं राहून गातं, कोण कुणाला शिकवतं, चुकलं तर कोण कुणाला थांबवू शकतं. चोखोबांचा अभंग आजही सगळे म्हणतात. पण या हॉलमध्ये तो शिकवायला ज्या ताई उभ्या राहिल्या, त्यांच्या आजीला गावातल्या देवळाच्या पायरीच्या वर येऊ देत नव्हते. त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकललंसुद्धा नाही. यादी कापा म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते फक्त गाण्यांची नावं वाचतात.

हा प्रयोग नवा आहे असंही नाही. देशात याची मोठी परंपरा आहे. पन्नाशीच्या दशकात सलील चौधरींनी मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर उभं केलं. १९५८ मध्ये रुमा गुहा ठाकुरता यांनी कलकत्ता यूथ क्वायर सुरू केलं. एम. बी. श्रीनिवासन यांनी १९७१ मध्ये मद्रास यूथ क्वायर काढलं आणि तिथे वेगवेगळ्या भारतीय भाषांतली गाणी एकत्र म्हटली जाऊ लागली. आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव समूहगान नेलं, वसंत बापटांसारखे कवी त्यात होते. 'भाईजी' सुब्बराव यांची शिबिरं आपल्यातल्या काहींनी पाहिली असतील. खाकी हाफपँट घातलेला हा माणूस २०२१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगला आणि देशभर तरुणांकडून अठरा भाषांतली गाणी म्हणून घेत राहिला. १९७२ मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रं खाली ठेवली ती जौऱ्याला, त्यांच्याच आश्रमाच्या परिसरात.

फक्त एक आहे. यातलं बहुतेक तरुणांसाठी होतं, चळवळीसाठी होतं किंवा मोठ्या शहरात होतं. शाळेत समूहगान असतं, कॉलेजात युवक महोत्सव असतो. पण लग्न झालं, नोकरी लागली, पोरं झाली की सामान्य माणसाचं गाणं संपतं. त्यानंतर त्याने ऐकायचं, किंवा मिरवणुकीत नाचायचं. चाळीशीतल्या माणसाला गावात दुसऱ्या समाजाच्या माणसाबरोबर बसायची जागा सांगा बरं. दुकान, बँकेची रांग, एसटी आणि पोलीस स्टेशन. मैत्री व्हायला यातली कुठली जागा बरी?

हे नुसतं माझं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने अभ्यास केला. काही गाण्याचे वर्ग, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली होती, पण गाणारे सगळ्यांत लवकर आले. त्याआधी २०१३ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एका लयीत कमी-जास्त होतात. कारण साधं आहे. ओळ एकत्र म्हणायची तर श्वास एकत्र घ्यावा लागतो आणि ठोके श्वासामागे जातात.

सर हेच वेगळ्या भाषेत सांगतात. पुरुषांची पट्टी काळी एक किंवा दोन, बायकांची काळी चार-पाच. एकत्र गायचं तर मधली पट्टी धरावी लागते. मग पुरुषांना वरचे स्वर जड जातात, बायकांना खालचे. "दोघांनाही थोडा त्रास झाला पाहिजे," सर म्हणतात. "एकालाच त्रास होत असेल तर पट्टी चुकली."

आता यातून गावाला काय मिळतं, ते पत्रकार म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी एका स्टेटसवरून दुपारी बाजारपेठ बंद झाली ते आठवत असेल. मी त्या दिवशी रात्री एकपर्यंत फोनवर होतो. अमक्या गल्लीत दगडफेक झाली, तमक्या ठिकाणी मुलाला मारलं, अशा बातम्या मिनिटामिनिटाला येत होत्या. माझ्याआधी या गटातल्या लोकांनी एकमेकांना फोन लावले होते. "भाभी, तुमच्याकडे खरंच काही झालंय का?" "नाही हो काका, मी दारातच उभी आहे. तुमच्याकडे काय?" "इकडे पण काही नाही." दोन अफवा त्या फोनवरच मेल्या. मी नंतर पोलिसांकडून खात्री केली, दोन्ही खोट्या निघाल्या. शांतता समितीची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला झाली, चहा-बिस्किटं, फोटो. ती व्हावीच. पण रात्री साडेनऊला ज्याचा नंबर आपल्याकडे आहे आणि जो उचलेल याची खात्री आहे, असा पलीकडच्या गल्लीतला माणूस बैठकीतून मिळत नाही. तो वर्षभर शेजारी उभा असावा लागतो.

काहीजण म्हणतील, गावात पाणी चार दिवसांआड, रस्त्यांना खड्डे आणि तुम्ही गाण्यावर लिहिताय. पाण्यावर मी लिहितोच, पुढेही लिहीन. पण इथे मागणी आहे आठवड्यातून दीड तास, चार पंखे आणि सहा ट्यूबलाइट. त्याने पाण्याचा एक थेंब कमी होत नाही. आणि पाण्याच्या रांगेत भांडणं होऊ द्यायची नसतील तर रांगेतली माणसं एकमेकांना नावाने ओळखणारी असलेली बरी.

आणखी एक आक्षेप आहे, तो मी गंभीरपणे घेतो. श्रद्धेच्या गोष्टीचा कार्यक्रम करू नये. बरोबर आहे. म्हणून तर गटाचे नियम सांगितले. जे म्हणायचं नाही ते म्हणत नाहीत, ज्याला म्हणायचं नाही तो गप्प राहतो आणि शिकवणारा त्या गाण्याच्या घरातला असतो. याहून जास्त आदर डीजेवर रिमिक्स केलेल्या आरतीला मिळतो का, हे स्वतःला विचारा.

आता मुद्द्याचं. काय व्हायला हवं?

गटाला मेहेरबानीने मिळालेली किल्ली नको. मेहेरबानीची किल्ली एका व्हिडिओने जाते, हे आपण पाहिलं. तो हॉल लोकप्रतिनिधीच्या निधीतून बांधलेला आहे, दारावरच्या कोनशिलेवरच लिहिलंय. म्हणजे पैसा तुमचा-माझा. आणि ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची यादी आहे. पाणी, रस्ते, दिवे यांच्याबरोबर त्यात सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हेही काम आहे. ही काही माझ्या मनाची हौस नाही.

म्हणून मागणी अशी. गावात सार्वजनिक पैशातून बांधलेले जेवढे हॉल, समाजमंदिरं, वाचनालयाच्या वरच्या खोल्या आहेत, त्यांची यादी नगरपालिकेने भिंतीवर लावावी. कुठली संध्याकाळ रिकामी आहे ते लिहावं. नोंदणीकृत संस्था नसली तरी गावातल्या दहा रहिवाशांच्या सह्यांवर जागा मिळावी. भाडं सगळ्यांना सारखं, मग वाढदिवस असो की भजन असो की हा गट. आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्यावं, खरं कारण. 'दुरुस्ती' असेल तर दुरुस्ती दिसली पाहिजे.

यात या गटासाठी खास काहीच मागितलेलं नाही. उद्या कुणाला बुद्धिबळ खेळायचं असेल, कुणाला वाचनकट्टा काढायचा असेल, तांड्यावरच्या बायकांना बचत गटाची बैठक घ्यायची असेल, त्यांनाही हेच लागू.

आणि गटातल्या माझ्या मित्रमैत्रिणींना जाहीर विनंती. यादी आहे तशी ठेवा. एकही गाणं बाहेरच्याच्या सांगण्यावरून काढू नका. काढायचंच असेल तर ज्याचं गाणं आहे त्याने सांगावं, तुमच्याच नियमाप्रमाणे. हॉल मिळेपर्यंत गच्ची आहे, कुणाचं अंगण आहे. माइक नाही म्हटल्यावर परवानगीचा प्रश्न नाही.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता नगरपालिकेत वरच्या मागणीचा अर्ज देणार आहे. मी पत्रकार म्हणून नाही, रहिवासी म्हणून सही करणार आहे. दहा सह्या पुरतील, पण शंभर झाल्या तर बरं. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मेसेज करा किंवा सरळ या. ज्यांना हे पटलेलं नाही त्यांनी खाली लिहा, मी उत्तर देईन. फक्त तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ परत इथे टाकू नका. तो सगळ्यांनी पाहिलाय. त्याच्या आधीचा अभंग आणि नंतरचं बतुकम्मा कोणी काढलं असेल तर ते मात्र नक्की टाका.